साथीच्या काळात मुलांवरचं संशोधन: पुण्यातल्या पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी माझ्याविषयी, म्हणजे कुणाचं ऐकताय ते कळेल. मी डॉक्टर नाही. तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आणि निवृत्तीनंतर पुण्यातल्या एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे माणसांवरचं संशोधन योग्य आहे का ते तपासणाऱ्या समितीवर, ‘सामान्य नागरिक’ म्हणून बसते. कमिटीत असा एक माणूस असावाच लागतो. आलेले कागद वाचायचे आणि जिथं कळलं नाही तिथं हात वर करायचा, हे माझं काम. शाळेत मुलं हेच करायची आणि मी त्यांना गप्प बसवायचे. आता फेडते आहे.

खालचे प्रश्न सोसायटीच्या पार्किंगमधल्या बैठकीत, भाजीच्या रांगेत आणि २०२१ साली फोनवर रात्री-बेरात्री विचारले गेलेले आहेत. शब्द शक्यतो विचारणाऱ्यांचेच ठेवलेत.

मुलांवर चाचण्या करायच्याच कशाला? मोठ्यांवर झाल्या की त्यांना कमी डोस द्यायचा.

हा हिशेब सगळ्यांच्याच मनात असतो आणि तो चुकतो. क्लोरॅम्फेनिकॉल हे एके काळी फार नावाजलेलं अँटिबायोटिक. १९५० च्या दशकात ते नवजात बाळांना वजनाच्या हिशेबानं दिलं गेलं. पण कोवळ्या यकृताला ते औषध निकामी करून शरीराबाहेर काढता येत नाही. ते साठत गेलं, बाळं राखाडी पडली आणि कित्येक दगावली. डोसचं गणित बरोबर होतं. बाळाचं शरीर म्हणजे मोठ्याचीच छोटी आवृत्ती, हे मात्र गृहीतच धरलं होतं.

कोविडमधलं उदाहरण उलट दिशेचं आहे. फायझरच्या लसीचा मोठ्यांचा डोस ३० मायक्रोग्रॅम. ५ ते ११ वर्षांच्या मुलांसाठी १० पुरला. त्याहून लहान मुलांसाठी ३ ठरवला, तर २ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये दोन डोसांनी पुरेशी प्रतिकारशक्तीच तयार झाली नाही, म्हणून तिसरा डोस वाढवावा लागला. नुसता अंदाज धरून चालले असते तर त्या मुलांना निरुपयोगी लस टोचून ‘झालं हो लसीकरण’ म्हणून घरी पाठवलं असतं.

चाचणी केली नाही म्हणजे मुलांवर प्रयोग होत नाही, असं नसतं. साथ आली की डॉक्टर औषध देतातच. मग प्रत्येक मुलावर वेगळा प्रयोग होतो आणि त्याची नोंद कुठेच राहत नाही.

पण कोविडमध्ये मुलांना फारसं काही होतच नव्हतं ना?

बहुतेकांना नव्हतं, खरंय. पण एप्रिल २०२० च्या अखेरीस ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी इशारा दिला की काही मुलांना भलतंच काही होतंय: ताप, पुरळ, लाल डोळे, हृदयावर सूज. संसर्ग होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी हे सुरू व्हायचं. त्यालाच पुढे एमआयएस-सी म्हणायला लागले. पुण्यातल्या बालरोगतज्ज्ञांनीही हे रुग्ण पाहिले.

उपचार काय द्यायचा? आयव्हीआयजी (रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं, शिरेतून देतात), की सूज उतरवणारं स्टेरॉइड, की दोन्ही? आयव्हीआयजी महाग, स्टेरॉइड स्वस्त. सरकारी वॉर्डात हा फरक लाखाच्या घरातला असतो. जून २०२१ मध्ये एकाच नामांकित वैद्यकीय नियतकालिकात दोन अभ्यास आले. एक म्हणाला, दोन्ही एकत्र दिलेलं बरं. दुसरा म्हणाला, तिन्ही उपचारांत फारसा फरक दिसत नाही. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते, पण दोन्ही नुसते निरीक्षणाचे होते. डॉक्टरनं ज्या मुलाला जे द्यावंसं वाटलं ते दिलं आणि नंतर निकाल मोजला. जास्त आजारी मुलाला जास्त औषधं मिळणारच, मग त्यांची तुलना कशी करणार? चिठ्ठ्या टाकून ठरवलं असतं तर उत्तर लवकर आणि पक्कं मिळालं असतं.

शिवाय पुढची साथ कोविडसारखीच मुलांना सोडून देईल असा काही करार झालेला नाही. २००९ च्या स्वाइन फ्लूचा देशातला पहिला बळी पुण्यातली १४ वर्षांची शाळकरी मुलगी होती. ३ ऑगस्टची ती बातमी. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेर लागलेल्या रांगा आणि बंद पडलेल्या शाळा ज्यांना आठवतात, त्यांना हा मुद्दा समजवावा लागत नाही. (स्कार्फ मात्र त्या साथीमुळे आले नाहीत. तोंडाला स्कार्फ बांधायला पुण्याला साथ लागत नाही.)

प्रश्न विचारणाऱ्यांचं एक मात्र बरोबर आहे. ज्या आजाराचा मुलाला धोका कमी, त्याच्या लसीचा धोकाही तितकाच कमी असला पाहिजे. मोठ्याला चालेल ते मुलाला चालेल असं नाही. लसीनंतर हृदयाच्या स्नायूवर क्वचित येणारी सूज दिसल्यावर २०२१ च्या जुलैत अमेरिकेच्या औषध प्रशासनानं कंपन्यांना मुलांच्या चाचण्या मोठ्या करायला सांगितलं ते यासाठीच. साधं गणित असं: ३,००० मुलांत एक दुष्परिणाम एकदाही दिसला नाही, तरी तो हजारात एकाला होत असण्याची शक्यता उरतेच. म्हणून ‘चाचणीत काही आढळलं नाही’ हे वाक्य ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा: किती मुलांत?

आपल्याकडे अशा चाचण्या झाल्यात का, की सगळं परदेशातच?

झाल्यात. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं वेगळ्या केलेल्या विषाणूपासून कोव्हॅक्सिन तयार झाली. २ ते १८ वर्षांच्या ५२५ मुलांवर तिची चाचणी घ्यायला मे २०२१ मध्ये परवानगी मिळाली. हडपसरच्या सीरम कंपनीनं कोव्होव्हॅक्स या लसीच्या मुलांवरच्या चाचणीसाठी अर्ज केला तेव्हा तज्ज्ञ समितीनं आधी नकार दिला, मोठ्यांची माहिती आधी दाखवा म्हणून. नंतर महिन्याभरातच हिरवा कंदील मिळाला आणि ९२० मुलांची चाचणी ठरली. तो पहिला नकार मी आवर्जून सांगते, कारण ‘सगळं आधीच ठरलेलं असतं’ हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकवलं जातं.

प्रत्यक्ष लसीकरण १५ ते १८ वयासाठी ३ जानेवारी २०२२ ला आणि १२ ते १४ साठी १६ मार्च २०२२ ला सुरू झालं.

कोविडच्या आधीची कामं मला जास्त अभिमानाची वाटतात. बाळांना जुलाब करणाऱ्या रोटाव्हायरसवरच्या रोटाव्हॅक या देशी लसीची चाचणी दिल्ली, वेल्लोर आणि पुणे अशा तीन ठिकाणी मिळून ६,७९९ बाळांवर झाली. एचआयव्हीबाधित आईचं दूध पिणाऱ्या बाळाला संसर्ग होऊ नये म्हणून सहा आठवडे रोज नेव्हिरापिन हे औषध देण्याचा अभ्यास इथिओपिया आणि युगांडाबरोबर पुण्यातही झाला. आणि गोवराची लस सुईशिवाय, नाकातोंडावाटे वाफाऱ्यासारखी देता येईल का, हे पुणे जिल्ह्यातल्या गावांमधल्या सुमारे दोन हजार बाळांमध्ये तपासलं. निकाल २०१५ ला आला: टोचलेल्या लसीनं जवळजवळ ९५ टक्के बाळांना संरक्षण मिळालं, वाफेच्या लसीनं ८५ टक्क्यांना. म्हणजे वाफ मागे पडली. लोक म्हणतात, चाचणी ‘फेल’ गेली. मी म्हणते, वाफेवर भरवसा ठेवून देशभर गोवर पसरवण्याचं एक संकट त्या गावांनी टाळलं.

परवानगी देतं कोण?

केंद्राचे औषध महानियंत्रक आणि त्याबरोबर रुग्णालयाची एथिक्स कमिटी. नियम २०१९ चे आहेत. पहिला माणूस दाखल होण्याआधी चाचणीची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत व्हावी लागते आणि ती कुणालाही इंटरनेटवर फुकट बघता येते. फॉर्म हातात आला की नोंदणी क्रमांक विचारा. आढेवेढे घेतले तर चहा पिऊन घरी या.

एथिक्स कमिटी म्हणजे हॉस्पिटलचेच लोक ना?

किमान सात जण. निम्मे तरी बाहेरचे. अध्यक्ष बाहेरचा. त्यात एक कायदा जाणणारा, एक बाई, एक माझ्यासारखं सामान्य माणूस. म्हणजे सगळे संत असतात असं नाही. चहाबरोबर बाकरवडी येते आणि शेवटच्या दोन प्रकरणांच्या वेळी सगळ्यांचं लक्ष घड्याळाकडे असतं. पण एखादी शंका इतिवृत्तात नोंदवली गेली की तिचं लेखी उत्तर आल्याशिवाय काम पुढे सरकत नाही, ही त्या खुर्चीची ताकद आहे.

एक गंमत सांगते. एका मराठी संमतीपत्रात लिहिलं होतं, ‘आपल्या पाल्यास यादृच्छिक पद्धतीने गटात वाटप करण्यात येईल.’ मी विचारलं, यादृच्छिक म्हणजे काय? खोलीतल्या दोन डॉक्टरांना सांगता आलं नाही. शेवटी ‘चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरेल, डॉक्टरांच्या किंवा तुमच्या हातात नसेल’ असं झालं. त्या दिवशी पगार मिळाल्यासारखं वाटलं.

संमती कुणाची? आईवडील दोघांची? आजीची चालेल का?

संमती आईवडिलांची किंवा कायदेशीर पालकाची. धोका अगदी किरकोळ असेल किंवा मुलाला थेट फायदा होण्यासारखा असेल तर एकाची सही पुरते. धोका जास्त आणि मुलाला स्वतःला फायदा नाही, अशा वेळी दोघांची लागू शकते. आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या केंद्रीय परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं असं सांगतात.

कागदावर सोपं आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाप व्हेंटिलेटरवर, आई विलगीकरणात आणि पोर आजीजवळ, अशी घरं आम्ही पाहिली. आजीनं पोराला जन्मापासून वाढवलं असेल, पण ती आपोआप कायदेशीर पालक होत नाही. अशा वेळी आईशी व्हिडिओ कॉलवर बोलणं, तिचा होकार नोंदवून घेणं, साक्षीदार ठेवणं हे मार्ग होते. एप्रिल २०२० मध्येच आयसीएमआरनं साथीपुरती अशी मोकळीक दिली होती, आमच्या बैठकाही तेव्हा पडद्यावरच व्हायच्या. आईवडील दोघेही गेलेल्या मुलांना मात्र चाचणीत घ्यायला आमच्या कमिटीनं सरळ नाही म्हटलं. त्यावर वाद झाला. काहींच्या मते आम्ही त्या मुलांना एका संधीला मुकवलं. असेलही.

शाळेच्या मुख्याध्यापकांची किंवा वसतिगृहाच्या वॉर्डनची सही? नाही. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मममध्ये आदिवासी मुलींना एचपीव्ही लस (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून वाचवणारी) देताना वसतिगृहांच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या. तो प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीनं त्यावर कडक ताशेरे मारले. लस चांगली होती की वाईट, हा प्रश्नच वेगळा. पण त्यानंतर कित्येक वर्षं त्या लसीचं नाव काढलं की लोक दचकायचे.

मुलाला विचारायचं का? त्याला काय कळतंय.

सात वर्षांपुढच्या मुलाचा होकार घ्यावाच लागतो. बारापर्यंत तोंडी, आईवडिलांसमोर. त्यापुढे अठरापर्यंत लेखी. चाचणी सुरू असताना अठरा पूर्ण झाली तर त्याची स्वतःची संमती नव्यानं.

आणि कळतं हो. एका नऊ वर्षांच्या मुलानं तासभर चाललेल्या समजावणीनंतर एकच विचारलं, “सुई किती वेळा?” चार वेळा, असं उत्तर मिळाल्यावर तो बोटं मोजून म्हणाला, “कागदावर पाच आहेत.” पाचच होत्या.

मूल नाही म्हणालं तर ते ‘नाही’च धरायचं. अपवाद एकच: जीव वाचवणारा उपचार फक्त त्या चाचणीतच मिळत असेल आणि कमिटीनं ते मान्य केलं असेल. ‘चॉकलेट देते, सही कर’ हा होकार नव्हे.

रक्त किती काढतात?

आज्यांचा लाडका प्रश्न. मुलाच्या अंगात किलोमागे साधारण ८० मिली रक्त असतं. युरोपातल्या शिफारशीप्रमाणे संशोधनासाठी एका वेळी एकूण रक्ताच्या १ टक्क्यापेक्षा आणि चार आठवड्यांत ३ टक्क्यांपेक्षा जास्त काढू नये. दहा किलोच्या बाळाचं रक्त ८०० मिली, म्हणजे एका वेळी ८ मिली, दीड चमचा. उपचारासाठी त्याच दिवशी वेगळं रक्त काढणार असतील तर दोन्हींची बेरीज विचारा. ती बेरीज करायला लोक विसरतात.

म्हणजे माझ्या मुलाला खोटी लस देणार?

कदाचित. फायझरच्या ५ ते ११ वयाच्या चाचणीत २,२६८ मुलं होती, त्यातल्या साधारण दर तिघांत एकाला मिठाचं पाणी टोचलं. कुणाला काय, ते ना पालकांना माहीत ना मुलांवर नंतर लक्ष ठेवणाऱ्या डॉक्टरांना. पण ज्या आजारावर खात्रीचा उपचार आधीच उपलब्ध आहे, तो रोखून धरून नुसतं पाणी देता येत नाही. चाचणी संपल्यावर (किंवा लस मंजूर झाल्यावर) पाणी मिळालेल्यांना खरी लस कधी देणार, हे फॉर्मवर लिहिलेलं हवं. तोंडी आश्वासनाचं लोणचं घालायचंय का?

पैसे मिळतात?

येण्याजाण्याचं भाडं, बुडालेली रोजी, जेवण. मूल दिल्याबद्दल मोबदला नाही आणि नसावाच. रक्कम कमिटी ठरवते. वाघोलीहून दोन मुलं काखोटीला मारून येणाऱ्या बाईला पीएमपीचं तिकीट धरून दिलेले दोनशे रुपये मला कमी वाटतात आणि मी दर वेळी रिक्षाचे पैसे लावायला सांगते.

काही बरंवाईट झालं तर?

चाचणीदरम्यान इजा झाली तर उपचार फुकट. त्या इजेचा चाचणीशी संबंध नाही हे ठरेपर्यंत किंवा गरज असेपर्यंत. गंभीर घटना २४ तासांत कळवावी लागते. चाचणीमुळेच झालं असं ठरलं तर वेगळी भरपाई. याशिवाय मोठ्या चाचण्यांवर एक स्वतंत्र समिती लक्ष ठेवते आणि ती मध्येच थांबवूही शकते. तुमच्या बाजूनं एवढंच: रात्री दोन वाजता उचलला जाणारा फोन नंबर मागून घ्या आणि घरी गेल्यावर एकदा लावून बघा. मी लावते.

इतिहासात मुलांना वापरून घेतलंय की नाही, खरं सांगा.

घेतलंय. १९९६ मध्ये नायजेरियातल्या कानो शहरात मेंदुज्वराची भयंकर साथ होती. फायझरचं पथक तिथं गेलं आणि दोनशे मुलांपैकी शंभरांना ट्रोव्हाफ्लोक्सासिन हे नवं औषध दिलं, शंभरांना प्रस्थापित औषध. अकरा मुलं दगावली, पाच नव्या औषधाच्या गटातली आणि सहा जुन्या. आकडे बघून कुणी म्हणेल, मग बिघडलं काय? बिघडलं ते हे की पालकांना आपण चाचणीत आहोत हे नीट कळलं होतं का, याचाच पत्ता लागला नाही आणि कमिटीच्या परवानगीचं पत्र मागाहून, मागची तारीख घालून केलेलं निघालं. खटले चालले, २००९ मध्ये कंपनीनं कानो राज्याशी साडेसात कोटी डॉलरवर तडजोड केली.

त्याचं बिल मात्र भलत्यांनीच भरलं. २००३ मध्ये त्याच कानोमध्ये पोलिओच्या डोसांवर बहिष्कार पडला. त्यामागं बाकी कारणं होतीच, पण १९९६ ची आठवण लोकांच्या मनात ताजी होती. पोलिओ तिथून आजूबाजूच्या देशांत पसरला.

पुण्याला हे परकं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये घराघरांत घुसून तपासणी झाली तेव्हा आजारापेक्षा तपासणीचीच दहशत बसली होती. त्याच साथीत सावित्रीबाई फुले आजारी मुलाला स्वतः उचलून हडपसरच्या दवाखान्यात नेत होत्या आणि त्यातच त्या गेल्या.

साथीच्या घाईत नियम ढिले होतात ना?

कागद वेगानं हलू शकतात. आम्ही महिन्यातून एकदा भेटायचो, ते आठवड्यातून दोनदा भेटायला लागलो. चाचण्यांचे आराखडे साथीच्या आधीच तयार करून मंजूर ठेवता येतात. चाचणीचे दोन टप्पे एकमेकांत गुंफता येतात. पालकाला विचार करायला मिळणारा वेळ मात्र कापायचा नाही, आणि डोसनंतर मुलावर लक्ष ठेवायचा काळही नाही.

मुलांना पहिल्यापासून सामावून घेता येतं याचं माझं आवडतं उदाहरण काँगोचं. २०१८-१९ च्या इबोलात चार औषधांची चाचणी झाली, त्यात नवजात बाळांपासून गरोदर बायांपर्यंत सगळे होते. दोन औषधं स्पष्ट सरस ठरताच ऑगस्ट २०१९ मध्ये चाचणी थांबवून पुढच्या सगळ्यांना तीच दोन द्यायला लागले. मोठ्यांचं आटोपेपर्यंत मुलांना दाराबाहेर बसवलं असतं तर?

नाही म्हटलं तर डॉक्टर रागावतील का?

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि कायम सर्वांत हळू आवाजात विचारलेला. नियमानं तुमच्या नकारानं उपचारात काडीचा फरक पडता कामा नये. पण जो डॉक्टर मुलाचा ताप बघतोय तोच फॉर्म घेऊन उभा असेल, तर ‘नाही’ जिभेवर येत नाही. मी एका आईला विचारलं होतं, का सही केलीत? “डॉक्टरसाहेबांनी एवढं केलंय आमच्यासाठी.” ही संमती नव्हे, ही परतफेड आहे. तिचा फॉर्म आम्ही परत काढला, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसानं तिला समजावलं. तिनं पुन्हा होच म्हटलं, पण या वेळी आधी सहा प्रश्न विचारले.

तेव्हा सांगा, की आम्हाला उपचार न करणाऱ्या कुणाशी तरी बोलायचंय. फॉर्म घरी न्या. उद्या सांगतो म्हणा.

मधूनच सोडता येतं?

हो. कधीही, कारण न सांगता.

तुम्ही तुमच्या नातवाला घातलं असतं का?

हे विचारणार याची खात्री होतीच. २०२१ मध्ये तो सहा वर्षांचा होता. लसीच्या चाचणीला त्याच्या आईनं नाही म्हटलं. त्याला दमा आहे आणि तेवढ्या फेऱ्या झेपल्या नसत्या. मी तिला एका शब्दानं विरोध केला नाही. अंगात प्रतिपिंडं आहेत का, एवढंच बघणाऱ्या एका अभ्यासाला मात्र आम्ही गेलो. एकदाच रक्त. त्यानं स्वतः हो म्हटलं, पण अट घातली की निकाल त्याला कळला पाहिजे. फॉर्मवरही तसं लिहिलं होतं. निकाल अजून आलेला नाही. तो दर सुट्टीत विचारतो आणि मी दर सुट्टीत त्या ऑफिसला फोन करते. सोमवारी पुन्हा करणार आहे.